डेअरीपाशी थांब

साइवने हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली खटकन अडकवला, सायकल भिंतीपासून ओढून घेतली आणि आईपुढे हात पसरला.

"शिट्टी."

उनाने आपल्या गळ्यातली शिट्टी काढली, पण लगेच सोडली नाही. दोरीची गाठ ओढून पाहिली, पुन्हा एकदा ओढून पाहिली, मग ती लेकीच्या गळ्यात घातली.

"धोका असेल तरच वाजवायची. गंमत म्हणून नाही."

"माहितेय."

"बदक दिसलं म्हणून नाही."

"काल पाणमांजर होतं. पाणमांजर काय रोज दिसतं?"

काल संध्याकाळी लव्हाळ्यातून ते ओलं, काळं डोकं वर आलं तेव्हा साइवने शिट्टी फुंकली होती खरी, पण तिच्याही आधी किंचाळली होती ती उनाच.

रात्रभर भुरभुरलेला पाऊस पहाटे थांबला होता. तळ्यावरचं धुकं अजून उठलं नव्हतं, पण त्याच्या मागे ऊन आहे हे कळत होतं. कुंपणाची काटेरी झाडं पांढऱ्या फुलांनी इतकी लगडली होती की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कुणी धुतलेल्या चादरी वाळत घातल्यासारखं वाटावं. रस्ता कोरा होता. त्याच्या मधोमध गवताची एक हिरवी रेघ, आणि दोन्ही अंगांना एकेक चाक जाईल एवढं काळं, ओलं डांबर. साइव त्या रस्त्याकडे बघत होती आणि तिची टाच सारखी वरखाली होत होती.

तीन दिवसांचा हा फेरा हिवाळ्यात ठरला होता, डब्लिनमधल्या त्यांच्या स्वयंपाकघरात. नऊ वर्षांच्या साइवने आजवर जी काही सायकल चालवली होती ती घरासमोरच्या बंद गल्लीत, उनाला खिडकीतून दिसेल एवढ्याच अंतरात. शरद ऋतूत धाकटा झाला, तेव्हापासून तर उनाच्या नजरेला आणखी धार आली होती. शेवटी साइवने कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याच्या पाठीवर करार लिहून आणला. पहिला दिवस आईच्या मागे, दुसरा दिवस आईच्या शेजारी, तिसऱ्या दिवशी दोन मैल एकटीने. तिच्या बाबाने, डोनलने, बाळाला खांद्यावर घेऊन हसत हसत सही ठोकली. उनाने मजकूर दोनदा वाचला, मग केली. हे दोन मैल नीट पार पडले नाहीत, तर असल्या कागदावर आपला हात पुन्हा चालायचा नाही, हे तिला माहीत होतं. आणि तिला ते माहीत आहे, हे साइवला माहीत होतं.

बर्नी, म्हणजे ज्यांच्या घरी त्या रात्रीच्या मुक्कामाला होत्या त्या बाई, सोडाब्रेडचा अर्धा पाव कागदात गुंडाळून फाटकापर्यंत आल्या. कुठून जाणार, हे त्यांनी काल रात्री विचारलं होतं, पण पुन्हा विचारलं. मग स्वतःच सांगायला लागल्या. पूल ओलांडून सरळ जा, डावीकडे वळून तळ्याच्या कडेकडेने जा, आणि शाळेपाशी चढ लागेल तिथे उतरून चाला, उगीच शूरपणा नको.

"शाळा कुठाय?" साइवने विचारलं.

"जळली ना गं ती. तिथे आता मॅकगोल्ड्रिकच्या सुनेचा बंगला आहे."

"मग बंगल्यापाशी म्हणा ना."

"बंगला काय, काल बांधलाय," बर्नी म्हणाल्या. "तुम्ही डब्लिनची माणसं."

उना म्हणाली की मी डब्लिनची नाही, इथलीच आहे, तळ्याच्या पलीकडच्या किनाऱ्यावरची.

"होतीस," बर्नी म्हणाल्या आणि तिच्या पिशवीत पाव कोंबला.

शुक्रवारपासून हेच चाललं होतं. कुणाच्या उन्मळून पडलेल्या झाडापाशी वळा, कुणाचं दुकान होतं तिथून उजवीकडे जा, लोहाराची भट्टी असायची तिच्या अलीकडे विहीर आहे. पहिल्या दिवशी साइव बिचारी खरंच झाड शोधत होती. नसलेल्या गोष्टी दिसणार कशा, असं तिने रडवेली होऊन विचारलं, तेव्हा उनाला हसू आवरलं नव्हतं. इथल्या लोकांना दिसतात, ती म्हणाली होती. मग दोघींचा तो खेळच झाला. जेवणाच्या वेळी साइव म्हणायची, "मघाशी सँडविच होतं तिथे आता काय आहे?"

उनाने तिचे ब्रेक दाबून पाहिले. टायर दाबून पाहिले.

"सरळ रस्ता आहे. कुठेही वळायचं नाही. कडेकडेने जायचं. गाडी आली तर?"

"उतरायचं आणि गवतात उभं राहायचं."

"कुत्रं आलं तर?"

"आई, कुत्र्याचं मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

"पूल लागेल. पूल ओलांडलास की डेअरी. डेअरीपाशी थांब. मी तीनशे मोजून निघते."

"डेअरीपाशी," साइव म्हणाली, आणि गेली.

उनाने मोजायला सुरुवात केली. पिवळं हेल्मेट पांढऱ्या फुलांमधून वरखाली होत चाललं होतं. चाळीसपर्यंत ते दिसत होतं. एक्केचाळीसला वळण आलं.

पन्नास. साठ. मान लांब करून काही उपयोग नव्हता, तरी तिने ती केली. बर्नीचा कोंबडा फाटकावर चढून तिच्याकडे बघत राहिला.

या दोन दिवसांत काय काय झालं होतं. पहिल्याच दुपारी तळ्याच्या काठी एक करडी घोडी पोटापर्यंत पाण्यात उभी होती, पाठीवर कावळा घेऊन. दहा मिनिटं ती हलली नाही, कावळा हलला नाही आणि साइवही हलली नाही. मग तो उतार, जिथे दोघींनी ब्रेक सोडून दिले, आणि तोंडात वारा शिरून उनाच्या घशातून असा काही आवाज निघाला की तो आपला आहे हे तिला क्षणभर कळलंच नाही. एका शेतातलं कुत्रं चाकामागे धावलं, तेव्हा उना मध्ये घुसायला गेली आणि चरात पडली. साइवने मात्र थांबून त्याला नुसतं "घरी जा" म्हटलं, आणि ते गेलं. आणि समोरून येणाऱ्या गाड्या. इथला माणूस गाडी चालवताना स्टिअरिंगवरचा हात उचलत नाही, एक बोट तेवढं उचलतो. झाला नमस्कार. साइव पहिल्या दिवशी त्या प्रत्येक बोटाला दोन्ही हात हलवून उत्तर देत होती आणि किती झाले ते मोजत होती. कालपासून तीही हँडलवरचं एकच बोट उचलते, चेहऱ्यावरची रेघ न हलवता.

दोनशे दहा. रस्त्यावर मागून घरघर आली, आणि दुधाचा टँकर, कुंपणाच्या दोन्ही बाजूंची फुलं झाडत, तिच्या समोरून गेला. ड्रायव्हरने बोट उचललं. उनाने उचललं नाही. टँकर वळणावर गेला, साइव गेली त्याच दिशेने, आणि अख्खा रस्ता त्याने भरून टाकला होता.

दोनशे वीसला उनाने पॅडल मारलं.

ती उभी राहून चालवत होती. कॅरिअरच्या दोन्ही पिशव्या टाचांना लागत होत्या. भीती होती, पण नुसती भीती नव्हती. पायांत कालचाच जोर होता, वारा पाठीशी होता, आणि मनात कुठेतरी एक नऊ वर्षांची उना होती, जी याच तळ्याकाठच्या रस्त्यांवरून रोज शाळेला एकटी जायची आणि जिला कुणी शिट्टी दिली नव्हती. साइव आत्ता कशी दिसत असेल, तिची पाठ, तो अभिमान, हे तिला बघायचं होतं. बघायचं होतं आणि टँकरच्या पुढे पोचायचं होतं. दोन्ही एकदमच. पहिला मैल कुठे गेला ते कळलं नाही. पूल आला. कमानदार पुलाच्या पाठीवर तिची सायकल अंगुळभर हवेत उडाली आणि खाली आपटली. डावीकडे काहीतरी निळं चमकल्यासारखं झालं, ओढा असणार. तिची नजर पुढे होती. पुढचा छोटा चढ तिने मान खाली घालून एका दमात काढला आणि चौफुल्यावर येऊन ब्रेक दाबले.

चौफुल्यावर कुणी नव्हतं.

दिशांची नावं लिहिलेला खांब होता. हिरवी टपालपेटी होती. कोनाड्यातली मेरीमाता होती, तिच्या पायाशी जॅमच्या बाटलीत निळी फुलं होती. समोर रस्ता, डावीकडे रस्ता, उजवीकडे रस्ता. तिन्ही रिकामे.

"साइव!"

दूर कुठेतरी एक गाय हंबरली.

तिने आधी जमिनीकडे पाहिलं. ओल्या डांबरावर सायकलच्या बारीक टायरचा माग असायला हवा होता. पण टँकरचे रुंद ठसे उजवीकडे वळले होते आणि खालचं सगळं पुसून गेले होते. खिशात फोन थरथरला. डोनलने बाळाचा फोटो पाठवला होता, गालाला गाजर लागलेलं. खाली लिहिलं होतं, "उडाली का चिमणी?" उनाने फोन पालथा करून खिशात टाकला. समोरच्या रस्त्यावर ती दहा पावलं गेली, परत आली. डाव्या रस्त्यावर दहा पावलं. परत आली. सायकल आपण कधी आडवी टाकली ते तिला आठवत नव्हतं. तिचं मागचं चाक अजून फिरत होतं.

उजवीकडच्या कुंपणातून फावड्याचा आवाज आला. एक म्हातारा गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांत उभा राहून चर साफ करत होता. उना धावत गेली. एक मुलगी पाहिलीत का, तिने विचारलं, नऊ वर्षांची, पिवळं हेल्मेट.

म्हाताऱ्याने फावडं मातीत रोवलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

"तू कोणाची?"

उनाला किंचाळावंसं वाटलं. पण या बाजूला या प्रश्नाच्या आधी कुठल्याच प्रश्नाला उत्तर मिळत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

"डोलनांची. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या. मिक डोलनची धाकटी."

"मिकची." त्याने तिला नीट न्याहाळलं. "हो, नाक त्याचंच. गेला तेव्हा मी आलो होतो. मी फ्रान्सी मल्व्ही."

"अहो, माझी मुलगी..."

"ती होय. ती बसलीय की डेअरीपाशी."

उनाने मागे वळून चौफुल्याकडे पाहिलं. खांब, टपालपेटी, मेरीमाता.

"डेअरी हीच ना?"

"हा डेअरीचा चौफुला. डेअरी खाली, ओढ्याला लागून. दूध गार ठेवायला पाणी नको? इथे वर कुठलं आलं पाणी?"

"पण तिथे काहीच नाही."

"आता नाहीच. पोप आले ना, त्या साली पाडली."

उनाने मनात हिशेब केला. पोप आले ते एकोणीसशे एकोणऐंशीत. तिच्या जन्माच्या बारा वर्षं आधी. डेअरीपाशी सोडतो, चालत जा. डेअरीपाशी पाणी साठलंय, वरून ये. डेअरीपाशी एक मुलगा उभा होता, कोण गं तो? तिच्या बापाच्या तोंडची अशी किती वाक्यं, सगळं लहानपण त्यांवर उभं होतं, आणि डेअरी कुठे आहे हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. आज सकाळी तिने तेच लेकीच्या हातात दिलं होतं, पत्ता म्हणून.

"पोरीनं विचारलं, डेअरी कुठाय," फ्रान्सी म्हणाला. "मी पण जरा थांबलो बघ. चाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं."

उना तोवर सायकल उचलून वळली होती.

पुलाच्या अलीकडे फुललेल्या कुंपणात एक फट होती. मघाशी उना तिच्यासमोरून सुसाट गेली होती. आत दहा पावलांवर, खाजऱ्या झुडपांच्या रानात, छातीइतक्या उंचीचा सिमेंटचा एक लांब ओटा होता, कडेला गंजलेल्या लोखंडी कड्या असलेला. त्याला निळी सायकल टेकवलेली होती. ओट्यावर पाय सोडून साइव बसली होती. शिट्टी तिच्या ओठांत होती. ती वाजवत मात्र नव्हती.

"कुठे गेली होतीस तू?" शिट्टी काढून ती म्हणाली. "किती हाका मारल्या मी. तू रॉकेटसारखी गेलीस."

उनाला ओट्यावर चढायला दोनदा उडी मारावी लागली. चढल्यावर तिने लेकीला जवळ घेतलं नाही, फक्त तिच्या बुटाची सुटलेली नाडी बांधायला घेतली. ती बांधायला तिला बराच वेळ लागला.

"शिट्टी का नाही वाजवलीस?"

"धोका कुठे होता?" मग जरा थांबून साइव म्हणाली, "अजून शंभर मोजणार होते. मग वाजवणार होते. तुझ्यासाठी."

उनाने दुसरी नाडी बांधायला घेतली. ती सुटलेली नव्हती.

"तू तीनशे मोजलेस?" साइवने विचारलं.

"दोनशे वीस."

"वाटलंच मला."

फ्रान्सी फावडं खांद्यावर टाकून फटीतून आत आला. त्याच्यामागे धुकं पातळ होत होतं, आणि ओढ्यावरून मे महिन्यातल्या त्या लांब शेपटीच्या माश्या उठायला लागल्या होत्या, आधी चार, मग चाळीस, मग मोजता येणार नाहीत इतक्या. त्यांच्या पंखांवर ऊन पडलं की हवाच थरथरल्यासारखी दिसत होती. एक साइवच्या पिवळ्या हेल्मेटवर बसली. साइव श्वास रोखून तशीच राहिली, डोळे तेवढे वर करून, जणू डोक्यावरचं तिला दिसणारच होतं. उना हसली. हसू येईल असं तिला वाटलं नव्हतं, पण ते आलं, आणि जरा मोठ्यानेच आलं.

पावाचा कागद सोडला. लोणी नव्हतं, कुणाला आठवलंही नाही. फ्रान्सीने दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा घेतला. खाताना त्याने त्या ओट्यावर थाप मारली. गाढवाच्या गाड्या इथपासून पार पुलापर्यंत लागायच्या, तो म्हणाला. मिक डोलन चौदा-पंधरा वर्षांचा असेल. दुधाच्या किटल्या घेऊन यायचा, आणि रांगेत कधी आपल्या जागी उभा राहायचा नाही.

"गाढव बिथरलं, गाढव बिथरलं, असं ओरडत पुढे घुसायचा. गाढव झोपलेलं असायचं. लबाड होता तुझा बाप."

"आई पण आहे," साइव म्हणाली. "दोनशे वीस."

फ्रान्सी इतका हसला की त्याच्या हातातला पाव गवतात पडला. उनाने ओट्यावर तळवा टेकवला. सिमेंट थंड होतं, मधोमध किंचित खोलगट, किटल्या ओढून ओढून गुळगुळीत झालेलं. ती हात तसाच ठेवून बसली.

पाव संपला. साइवने कागदाची घडी केली, आणखी लहान घडी केली.

"करारात दोनच मैल होते," ती कागदाकडे बघत म्हणाली.

"हो."

उना खाली उतरली. तिने निळ्या सायकलचे ब्रेक दाबून पाहिले. टायरकडे तिचा हात गेला, पण तो तिने परत घेतला आणि सायकल लेकीच्या हातात दिली.

"पुढे कुठे थांबशील?"

साइवने तिच्याकडे पाहिलं. हे खरं आहे की नाही ते ती चेहऱ्यावरून शोधत होती. मग एकदम घाईने, आईचं मन फिरायच्या आत, म्हणाली, "घोडीपाशी."

"चौफुल्यावरून डावीकडे, तळ्याच्या कडेने." उना थांबली. "पण ती घोडी आता तिथे नसेल गं."

"म्हणजे काय?" साइव सायकलवर बसत म्हणाली. "जिथे होती तिथे."

उनाने फ्रान्सीकडे पाहिलं. त्याला यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही.

"गिल्रेनच्या कुरणाशी," तो मान हलवत म्हणाला. "करडी. बरोबर आहे. चुकायचं कामच नाही."

साइव फटीतून रस्त्यावर गेली. चढावर उभी राहून पॅडल मारू लागली, थेट आईसारखी. वरून एक जुनी गाडी येत होती. साइव गवतात उतरली, पाय टेकवून उभी राहिली, गाडी जाऊ दिली. गाडीतलं बोट उठलं, हँडलवरचं बोट उठलं. मग पिवळं हेल्मेट चढाच्या टोकावर क्षणभर उजेडात दिसलं आणि पलीकडे उतरलं.

उना रस्त्याच्या मधल्या हिरव्या रेघेवर सायकल धरून उभी राहिली आणि मोजू लागली. फ्रान्सी फावडं टेकून शेजारी उभा होता. ओढ्यावरून माश्या उठत होत्या, कपाळावर बसत होत्या, तिने त्या हाकलल्या नाहीत. शंभर झाले. दीडशे झाले. दोनशे वीसला तिचा पाय आपसूक पॅडलवर गेला.

तिने तो उचलून पुन्हा जमिनीवर ठेवला आणि म्हणाली, "दोनशे एकवीस."